ब्रिटिश मतदार पक्षनेत्याला कसं जोखतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्रिटनमध्ये निवडणूक लागली की आपल्या वर्तमानपत्रांत दोन फोटो शेजारीशेजारी छापून येतात आणि सगळी लढत त्या दोघांतच आहे असं वाटू लागतं. ते निम्मं खरं आहे. उरलेल्या निम्म्याबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची ही उत्तरं. बहुतेक उदाहरणं २०१० ते २०२४ या काळातल्या पाच सार्वत्रिक निवडणुकांमधली आहेत. त्याआधीच्या काळातल्या गोष्टी जिथे टाळता येत नाहीत तिथेच काढल्या आहेत.

मतपत्रिकेवर नेत्याचं नावच नसतं. मग नेत्याला जोखण्याचा प्रश्न येतो कुठे?

बरोबर आहे. ब्रिटनमध्येही आपल्या लोकसभेसारखीच पद्धत आहे. ६५० मतदारसंघ, प्रत्येकातून एक खासदार, ज्याला सर्वाधिक मतं तो निवडून आला. मतपत्रिकेवर स्थानिक उमेदवाराचं नाव, पक्षाचं नाव आणि चिन्ह असतं. २०२४ मध्ये मजूर (लेबर) पक्षाचे नेते किअर स्टार्मर यांच्या नावापुढे फुली मारायची संधी लंडनमधल्या होबर्न अँड सेंट पँक्रसच्या मतदारांनाच मिळाली. हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह) पक्षाचे पंतप्रधान ऋषी सुनक यांच्या नावापुढे ती यॉर्कशरमधल्या एका मतदारसंघात मिळाली. बाकी ६४८ ठिकाणी हे दोघं मतपत्रिकेवर नव्हतेच.

तरी दारावर प्रचाराला जाणारे कार्यकर्ते एक गोष्ट हमखास सांगतात: मतदार दार उघडतो आणि थेट नेत्याबद्दल बोलायला लागतो. उमेदवाराचं नाव बहुतेकांना ठाऊक नसतं. पक्षाचा जाहीरनामा शंभर पानांचा असतो आणि तो कुणी वाचत नाही. या पक्षाच्या हातात देश दिला तर काय होईल, याचा अंदाज बांधायला हाताशी असलेली सगळ्यात सोपी खूण म्हणजे नेता. हॅरॉल्ड क्लार्क, डेव्हिड सँडर्स, मॅरिअन स्ट्युअर्ट आणि पॉल व्हाइटली या अभ्यासकांची मांडणी साधारण हीच आहे. त्यांच्या मते नेत्याविषयीचं मत हा वेळ नसलेल्या मतदाराचा जवळचा रस्ता आहे, आणि तो रस्ता मूर्खपणाचा नाही.

मग लोक नेत्यात नेमकं काय बघतात?

गोड बोलणं, देखणेपण आणि वक्तृत्व हे आपल्याला वाटतं त्यापेक्षा कमी. जनमत चाचणी करणाऱ्या इप्सॉससारख्या संस्था वर्षानुवर्षं तेच ते प्रश्न विचारतात. हा नेता सक्षम आहे का, संकटात डोकं शांत ठेवेल का, देशापुढचे प्रश्न त्याला कळतात का, आणि तो सामान्य माणसापासून तुटलेला आहे का? प्रामाणिकपणाचाही प्रश्न असतो. पण राजकारण्यांकडून त्याची अपेक्षाच मुळात इतकी कमी असते की तिथे फारसं कुणी पुढे जात नाही.

हाउसिंग सोसायटीचा अध्यक्ष निवडताना आपण काय बघतो? पाण्याची टाकी वेळेवर साफ होईल का, लिफ्टच्या दुरुस्तीचे पैसे कुठे गेले ते कळेल का, बिल्डरशी भांडायची वेळ आली तर हा माणूस उभा राहील का. तो गप्पिष्ट असला तर उत्तमच, पण त्यासाठी मत देत नाही कुणी. ब्रिटिश मतदाराचा हिशेबही असाच चालतो. अर्थव्यवस्था सांभाळणं, आरोग्यसेवा चालवणं, गुन्हे आटोक्यात ठेवणं या गोष्टी सगळ्यांनाच हव्या असतात. वाद असतो तो हे कुणाला जमेल याचा. डोनाल्ड स्टोक्स या अमेरिकी अभ्यासकाने हा मुद्दा १९६३ मध्येच मांडला होता. पुढे डेव्हिड बटलर यांच्यासोबत त्यांनी ब्रिटिश मतदारांचा मोठा अभ्यास सुरू केला, तो आजही चालू आहे. त्यात लोकांना प्रत्येक नेत्याला ० ते १० गुण द्यायला सांगतात.

यात एक मेख आहे. मतदार नेत्याकडे कोऱ्या नजरेने बघत नाही. जन्मभर मजूर पक्षाला मत दिलेला माणूस त्या पक्षाच्या नेत्याला दोन गुण आपसूक जास्त देतो. नेता आवडला म्हणून पक्ष आवडला, की पक्ष आवडतो म्हणून नेता चालवून घेतला, हे वेगळं काढणं फार अवघड आहे. ‘नेत्यामुळे निवडणूक जिंकली’ असं छातीठोक सांगणाऱ्या कुठल्याही विश्लेषकाला हा प्रश्न विचारून बघा, थोडी चुळबूळ होते.

लोकप्रियतेचे आकडे वाचायचे कसे?

आधी प्रश्न काय विचारला होता ते बघायचं. इप्सॉस १९७७ पासून विचारते की अमुक नेत्याच्या कामावर तुम्ही समाधानी आहात की असमाधानी. समाधानींच्या टक्केवारीतून असमाधानींची वजा केली की निव्वळ आकडा मिळतो. मजूर पक्षाचे तेव्हाचे नेते जेरेमी कॉर्बिन यांचा हा आकडा सप्टेंबर २०१९ मध्ये उणे ६० होता. विरोधी पक्षनेत्यांमध्ये तोवरचा तो नीचांक होता, आणि तीन महिन्यांनी त्यांच्या पक्षाला केवळ २०२ जागा मिळाल्या.

दुसरा प्रश्न असतो ‘सर्वोत्तम पंतप्रधान कोण ठरेल’. यात खुर्चीवर बसलेल्याला नेहमी थोडा फायदा मिळतो. पंतप्रधान म्हणून त्याला लोकांनी पाहिलेलं असतं, समोरच्याची मात्र कल्पना करावी लागते. म्हणून विरोधी पक्षनेता या प्रश्नात पंतप्रधानांच्या पुढे गेला, तर सत्ताधाऱ्यांनी सामान बांधायला घ्यावं.

२०१५ ची गोष्ट या बाबतीत बोलकी आहे. मतदानाच्या आदल्या दिवसापर्यंत चाचण्या सांगत होत्या की हुजूर पक्ष आणि मजूर पक्ष बरोबरीत आहेत. पण त्याच चाचण्यांत ‘पंतप्रधान कोण हवा’ याला हुजूर पक्षाचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरन हे उत्तर मजूर पक्षाच्या एड मिलिबँड यांच्यापेक्षा बरंच जास्त येत होतं. अर्थव्यवस्थेवर विश्वास कुणावर, यालाही उत्तर तेच. निकालात हुजूर पक्षाला ३६.९ टक्के आणि मजूर पक्षाला ३०.४ टक्के मतं पडली, आणि त्रिशंकूची भाकितं करणारे तोंडावर पडले. नंतरच्या चौकशीत कारण निघालं ते नमुन्याच्या निवडीतलं: चाचणीसाठी गाठलेल्या लोकांत मजूर पक्षाचे मतदार प्रमाणापेक्षा जास्त होते. नेत्यांचे आकडे मात्र आधीपासून वेगळं काही सांगत होते. तेव्हापासून अनेक जण पक्षाच्या आकड्याआधी नेत्याचा आकडा बघतात. ती सवय वाईट नाही, पण तिच्यावर विसंबू नये. का, ते पुढे येईल.

पाच-सहा आठवड्यांच्या प्रचारात नेत्याविषयीचं मत खरंच बदलतं का?

सहसा नाही. २०१७ चा अपवाद मात्र इतका मोठा आहे की तो नीट सांगायला हवा.

१८ एप्रिल २०१७ रोजी थेरेसा मे यांनी मुदतपूर्व निवडणूक जाहीर केली तेव्हा त्यांचा हुजूर पक्ष चाचण्यांत जवळपास २० अंकांनी पुढे होता. ब्रेक्झिटच्या वाटाघाटींसाठी मोठं बहुमत हवं, हे कारण. सगळा प्रचार एका व्यक्तीभोवती रचला. प्रचाराच्या बसवर त्यांचं नाव ठळक आणि पक्षाचं नाव शोधावं लागेल इतकं बारीक. ‘खंबीर आणि स्थिर’ हे दोन शब्द त्या दिवसातून इतक्यांदा म्हणत की पत्रकार मोजायला लागले.

१८ मे रोजी जाहीरनामा आला. त्यात वृद्धांच्या घरी होणाऱ्या शुश्रूषेचा खर्च त्यांच्या राहत्या घराच्या किमतीतून, मृत्यूनंतर वसूल करण्याची योजना होती. शेवटचे एक लाख पौंड तेवढे वारसांना राहणार होते. ब्रिटनमध्ये घर हीच मध्यमवर्गाची आयुष्यभराची पुंजी, आणि हुजूर पक्षाचा मतदार बहुतांशी वयस्कर. विरोधकांनी तिला ‘डिमेन्शिया टॅक्स’ (स्मृतिभ्रंशावरचा कर) म्हणायला सुरुवात केली. चार दिवसांत, २२ मे रोजी, मे यांनी खर्चाला कमाल मर्यादा घालू असं सांगून माघार घेतली, आणि वर पत्रकारांना चिडून बजावलं की काहीही बदललेलं नाही. ज्या प्रचाराचा पायाच ‘ही बाई डगमगत नाही’ हा होता, त्यात नेता डगमगला आणि डगमगलोच नाही असं म्हणाला. दोन्ही कॅमेऱ्यासमोर.

३१ मेच्या टीव्ही वादचर्चेला त्या गेल्याच नाहीत, गृहमंत्री अँबर रड यांना पाठवलं. रड यांच्या वडिलांचं दोनच दिवसांपूर्वी निधन झालं होतं. आयुष्यात केलेला सगळ्यात मोठा खोडकरपणा कोणता, या मुलाखतीतल्या प्रश्नावर मे यांनी लहानपणी गव्हाच्या शेतातून पळाल्याचं सांगितलं. देशभर हसू झालं. त्यात काही गैर नव्हतं, पण माणूस किती अवघडलेला आहे ते दिसलं.

तिकडे कॉर्बिन यांच्याकडून कुणालाच अपेक्षा नव्हती, हेच त्यांचं भांडवल झालं. वर्तमानपत्रांनी त्यांना दोन वर्षं राक्षस म्हणून रंगवलं होतं. प्रचारात लोकांनी प्रत्यक्ष ऐकलं तर मळ्यात भाजी लावणारे, शांतपणे बोलणारे गृहस्थ निघाले. ८ जूनच्या मतदानाचा निकाल लागला तेव्हा २० अंकांचं अंतर सव्वादोन-अडीच अंकांवर आलेलं होतं. हुजूर पक्ष ३१७ जागांवर थांबला, बहुमत गेलं, आणि उत्तर आयर्लंडमधल्या डेमोक्रॅटिक युनियनिस्ट पक्षाच्या (डीयूपी) १० खासदारांचे पाय धरावे लागले.

यातून ‘प्रचारात काहीही होऊ शकतं’ असा अर्थ काढू नये. मे या पंतप्रधान होऊन वर्षही झालं नव्हतं. लोकांचं त्यांच्याविषयीचं मत चांगलं होतं पण उथळ होतं. मत मुरलेलं नसलं की प्रचारात हलतं. दोनच वर्षांनी त्याच कॉर्बिन यांच्याविषयीचं मत मुरलेलं होतं, आणि २०१९ च्या प्रचारात ते पुरेसं हललं नाही.

टीव्हीवरच्या वादचर्चांचा काय परिणाम होतो?

अमेरिकेच्या मानाने ब्रिटनने हे फार उशिरा सुरू केलं. पक्षनेत्यांची पहिली टीव्ही वादचर्चा १५ एप्रिल २०१० रोजी मँचेस्टरमध्ये झाली. मजूर पक्षाचे पंतप्रधान गॉर्डन ब्राउन, तेव्हा विरोधी पक्षनेते असलेले डेव्हिड कॅमेरन आणि लिबरल डेमोक्रॅट पक्षाचे निक क्लेग असे तिघं उभे होते. क्लेग कॅमेऱ्यात बघून बोलले, प्रश्न विचारणाऱ्याला त्याच्या नावाने हाक मारली, आणि दोन्ही मोठ्या पक्षांवर ‘हे दोघं सारखेच’ असा शिक्का मारला. ब्राउन तर सारखे म्हणत राहिले की माझं निकशी एकमत आहे. काही दिवसांत लिबरल डेमोक्रॅट काही चाचण्यांत ३० टक्क्यांच्या वर गेले. लाटच आली म्हणे.

मतमोजणीत त्यांना २३ टक्के मतं मिळाली, आधीच्या निवडणुकीपेक्षा एकच टक्का जास्त. जागा ६२ वरून ५७ वर आल्या. नेता आवडणं आणि त्याच्या पक्षाला मत देणं यांत किती अंतर असतं, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

२०२४ मध्ये सुनक आणि स्टार्मर दोनदा समोरासमोर आले. ४ जूनच्या पहिल्या चर्चेत सुनक यांनी मजूर पक्ष आला तर प्रत्येक कुटुंबावर २,००० पौंडांचा कर वाढेल असा घोशा लावला, आणि स्टार्मर यांना ते खोडून काढायला फार वेळ लागला. लगेच घेतलेल्या यूगव्हच्या चाचणीत सुनक ५१, स्टार्मर ४९. पुढचे दोन दिवस चर्चा मात्र चालली ती तो आकडा फसवा असल्याची. तो चार वर्षांचा मिळून होता, आणि अर्थ खात्यातल्या सर्वोच्च अधिकाऱ्याचं पत्रच बाहेर आलं की तो सरकारी अधिकाऱ्यांनी काढलेला म्हणून वापरू नये. २६ जूनला नॉटिंगहॅममध्ये एका श्रोत्याने उभं राहून दोघांना विचारलं की आमच्या नशिबात खरोखर तुम्ही दोघंच आहात का. टाळ्या त्यालाच पडल्या.

माझं मत असं की या चर्चांपेक्षा सामान्य प्रेक्षक नेत्याला थेट प्रश्न विचारतात ते कार्यक्रम जास्त काही सांगून जातात. नेत्याला दुसऱ्या नेत्याला कसं टोलवायचं ते शिकवलेलं असतं. आरोग्यसेवेत वर्षभर रांगेत असलेल्या बाईंना काय उत्तर द्यायचं, तिथे पाठांतर उघडं पडतं.

एखादी चूक कधी महागात पडते आणि कधी पचते?

लोकांच्या मनात जी शंका आधीपासून आहे तिला चुकीने पुरावा मिळाला, तर ती चिकटते. नाहीतर दोन दिवस बातम्या होतात आणि विषय संपतो.

६ जून २०२४ चा दिवस घ्या. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर दुसऱ्या महायुद्धातल्या डी-डेला ८० वर्षं झाल्याचा सोहळा. नव्वदीच्या पुढचे जुने सैनिक चाकाच्या खुर्च्यांतून आलेले. सुनक सकाळच्या ब्रिटिश कार्यक्रमाला होते, पण दुपारच्या आंतरराष्ट्रीय सोहळ्याआधी निघून आले. बायडन, मॅक्रों, शोल्त्झ यांच्या शेजारी ब्रिटनतर्फे माजी पंतप्रधान आणि तेव्हाचे परराष्ट्रमंत्री कॅमेरन उभे राहिले. स्टार्मर तिथेच होते, झेलेन्स्कींबरोबर त्यांचा फोटोही आला. परत येऊन सुनक यांनी काय केलं, तर टीव्हीला मुलाखत दिली. दुसऱ्या दिवशी माफी मागावी लागली. ही चूक इतकी लागली, कारण लोकांना आधीच वाटत होतं की हा अतिश्रीमंत माणूस आपल्या जगातला नाही. आणि दुखावला गेला तो हुजूर पक्षाचा सगळ्यात निष्ठावान, वयस्कर, देशभक्त मतदार. त्याच मुलाखतीत लहानपणी कशाची उणीव भासली असं विचारल्यावर त्यांनी स्काय टीव्हीचं नाव घेतलं. वकील मंडळी याला जास्तीचा पुरावा म्हणतील.

आता उलट उदाहरण. २८ एप्रिल २०१० रोजी रॉचडेल गावात गॉर्डन ब्राउन यांनी एका वयस्क मतदार बाईंशी हसून गप्पा मारल्या आणि गाडीत बसताच त्यांना कोत्या, द्वेष्ट्या मनाची बाई म्हणाले. कोटावरचा मायक्रोफोन चालूच होता. ती ध्वनिफीत रेडिओच्या स्टुडिओत त्यांना ऐकवली गेली तेव्हा त्यांनी डोकं हातात धरलं. ते दृश्य त्या निवडणुकीतलं सगळ्यात गाजलेलं. मजूर पक्ष देशात हरला, पण तो आधीपासूनच हरत होता. आणि रॉचडेलमध्ये? तिथे मजूर पक्षाचाच उमेदवार निवडून आला.

१६ मे २००१ हा दिवस तर मजूर पक्षाने कॅलेंडरमधून फाडून टाकावा असा होता. बर्मिंगहॅमच्या रुग्णालयाबाहेर एका कॅन्सरग्रस्ताच्या नातलग बाईंनी टोनी ब्लेअर यांना कॅमेऱ्यांसमोर फैलावर घेतलं, आणि त्याच दिवशी वेल्समध्ये उपपंतप्रधान जॉन प्रेस्कॉट यांनी अंडं फेकणाऱ्या माणसाला ठोसा लगावला. तीन आठवड्यांनी पक्ष प्रचंड बहुमताने परत आला.

आणखी एक व्यवहारी गोष्ट: पाचातलं सुमारे एक मत टपालाने पडतं. शेवटच्या आठवड्यातली घोडचूक घडते तेव्हा त्यांतले बरेच लिफाफे पोचलेले असतात.

म्हणजे जास्त लोकप्रिय नेता जिंकतो, असंच ना?

नाही. १९४५ मध्ये विन्स्टन चर्चिल यांच्या कामावर गॅलपच्या मे महिन्यातल्या चाचणीत ८३ टक्के लोक खूश होते. जुलैच्या अखेरीस निकाल आला तो क्लेमंट ॲटली यांच्या मजूर पक्षाच्या ३९३ जागांचा. युद्ध जिंकणारा माणूस आणि घरं, नोकऱ्या, दवाखाने देणारा माणूस, हे लोकांनी बरोबर वेगळे केले. नाझींविरुद्धचं युद्ध नुकतंच संपलेलं असताना मजूर पक्षाला गेस्टापोसारखं (नाझींच्या गुप्त पोलिसांसारखं) काही तरी आणावं लागेल असं चर्चिल रेडिओवर बोलले, त्यानेही त्यांचंच नुकसान झालं असावं. ॲटली दोनेक आठवड्यांपूर्वीपर्यंत त्याच युद्धकालीन सरकारात त्यांचे उपपंतप्रधान होते!

१९७० मध्ये मजूर पक्षाचे हॅरॉल्ड विल्सन हे हुजूर पक्षाच्या एडवर्ड हीथ यांच्यापेक्षा लोकांना जास्त पसंत होते, जिंकले हीथ. १९७९ मध्ये मजूर पक्षाचे पंतप्रधान जेम्स कॅलहन हुजूर पक्षाच्या मार्गारेट थॅचर यांच्यापेक्षा काही चाचण्यांत तब्बल २० अंकांनी पुढे होते. पण त्याआधीचा हिवाळा संपांचा होता, रस्त्यावर कचऱ्याचे ढीग साचले होते. लोकांना ‘सनी जिम’ (हे कॅलहन यांचं टोपणनाव) आवडत होते, त्यांचं सरकार नको होतं. थॅचर ४३ जागांच्या बहुमताने आल्या.

राज्यशास्त्रज्ञ अँथनी किंग याच कारणांसाठी म्हणत की नेत्याच्या व्यक्तिमत्त्वाने निवडणुकीचा निकाल फिरणं ही दुर्मीळ गोष्ट आहे. क्लार्क आणि मंडळींचं म्हणणं याच्या उलट टोकाला जाऊ शकतं. मला वाटतं दोघंही वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत होते. एका मतदाराचं मत ठरवताना नेता नक्कीच मोजला जातो. पण दोन्हीकडच्या मतांची वजाबाकी होऊन जो निकाल उरतो, त्यात महागाई, घरकर्जाचं व्याज आणि ‘यांना १४ वर्षं झाली, आता पुरे’ ही भावना बहुतेकदा जड ठरते.

दोन्ही नेते नकोसे असतील तर?

मग लोक कमी नकोसा निवडतात, किंवा घरी बसतात. २०२४ मध्ये दोन्ही झालं. मतदान सुमारे ६० टक्के. स्टार्मर यांच्याविषयी समाधानी लोकांपेक्षा असमाधानी जास्त होते, सुनक यांच्याविषयी तर फारच जास्त. मजूर पक्षाला ४११ जागा मिळाल्या, पण मतं ३३.७ टक्केच. एकूण मतं साधारण ९७ लाख, म्हणजे २०१९ मध्ये दारुण हरलेल्या कॉर्बिन यांच्या पक्षाला पडली होती त्याहून कमी. हुजूर पक्ष १२१ जागांवर आला तो लोक स्टार्मर यांच्या प्रेमात पडले म्हणून नव्हे. कारणं वेगळी होती: कोविडच्या लॉकडाउनमध्ये सरकारी कार्यालयांत झालेल्या पार्ट्या, पंतप्रधान म्हणून लिझ ट्रस यांचा ४९ दिवसांचा कारभार, वाढलेली व्याजं, आणि उजवीकडून नायजेल फराज यांच्या रिफॉर्म यूके पक्षाने खाल्लेली मतं.

स्टार्मर आपले वडील कारखान्यात अवजारं घडवणारे कारागीर होते असं प्रत्येक मुलाखतीत सांगत. शेवटी एका कार्यक्रमात श्रोते ते ऐकून हसले. वडिलांना हसलेलं बघून त्यांचा चेहरा पडला, आणि मला वाटतं पूर्ण प्रचारात तेवढ्या एका क्षणी पेशाने वकील असलेले स्टार्मर वकील न वाटता माणूस वाटले.

दिसणं, आवाज, कपडे?

थोडंफार. थॅचर यांनी प्रसिद्धी सल्लागार गॉर्डन रीस यांच्या सांगण्यावरून आवाज खाली आणला. १९७९ च्या प्रचारात सफोकमधल्या शेतावर फोटोसाठी वासरू उचलून धरलं. विल्सन लोकांत पाइप ओढत, खासगीत सिगार. १९८१ मध्ये मजूर पक्षाचे नेते मायकेल फूट युद्धस्मारकावर साधा आखूड कोट घालून गेले आणि मजुराचं जाकीट घालून आले म्हणून वर्तमानपत्रांनी झोडपलं. एड मिलिबँड यांचा बेकन सँडविच खातानाचा वेडावाकडा फोटो वर्षभर छापला गेला. सँडविच कुणी नीट खातो का फोटोत?

वर्तमानपत्रं निकाल ठरवतात का?

ती बढाई त्यांची स्वतःची. १९९२ च्या मतदानाच्या दिवशी ‘द सन’ने मजूर पक्षाचे नील किनॉक यांचं डोकं विजेच्या दिव्यात घालून पहिल्या पानावर छापलं, आणि हुजूर पक्ष जिंकल्यावर आम्हीच जिंकवलं असा मथळा दिला. मालक रूपर्ट मर्डोक यांनी वीस वर्षांनी, वर्तमानपत्रांच्या वर्तनाविषयीच्या लेव्हसन चौकशीत, सांगितलं की तो मथळा अभिरुचीहीन आणि चुकीचा होता. लोक पराभवाचं खापर किनॉक यांच्या शेफिल्डमधल्या जल्लोषी सभेवरही फोडतात. चाचण्याच मुळात मजूर पक्षाला फुगवून दाखवत होत्या, हे नंतर निघालं.

टीव्हीवर चित्र वेगळं आहे. तिथे निःपक्षपाताचं बंधन आहे आणि पैसे देऊन राजकीय जाहिरात करायला कायद्याने बंदी आहे. पक्षांना ठरावीक मोफत वेळ मिळतो, एवढंच.

छोट्या पक्षांच्या नेत्यांना लोक कोणत्या मापाने मोजतात?

वेगळ्याच. हा पंतप्रधान होणार नाही हे ठाऊक असल्यामुळे सक्षम आहे का हा प्रश्न मागे पडतो, तो ओळखीचा आहे का आणि आपल्या बाजूने बोलतो का हे पुढे येतं. २०२४ मध्ये लिबरल डेमोक्रॅटचे एड डेव्ही विंडरमिअर सरोवरात फळीवरून मुद्दाम पडले, बंजी जंपिंग केलं, पाण्याच्या घसरगुंडीवर गेले. लोक हसले, पण कॅमेरे आले. त्यातच त्यांनी आपल्या अपंग मुलाची शुश्रूषा कशी करतो यावर केलेला प्रचारपट शांत आणि परिणामकारक होता. पक्षाच्या जागा ११ वरून ७२ झाल्या, मतं मात्र १२ टक्क्यांच्या आसपासच. जिंकता येतील तिथेच माणसं आणि पैसा लावल्याचा तो गुण, विदूषकीचा नव्हे.

२०१९ मध्ये त्याच पक्षाच्या जो स्विन्सन यांनी मी पंतप्रधानपदाची उमेदवार आहे असं सांगून स्वतःला मोठ्या मापाने मोजून घेतलं. लोकांना त्या जसजशा दिसत गेल्या तसतसं मत घसरलं. स्वतःची जागाही १४९ मतांनी गेली. नायजेल फराज हे आणखी वेगळं प्रकरण आहे. आवडणाऱ्यांना अतोनात आवडतात, उरलेल्यांना सहन होत नाहीत. २०२४ मध्ये अशा नेत्याच्या पक्षाला १४.३ टक्के मतं मिळाली आणि जागा पाच.

सुनक भारतीय वंशाचे. भारतीय मतदारांनी त्यांना आपलं मानलं का?

काही ठिकाणी हुजूर पक्षाला साथ मिळाली, पण सरळ हिशेब मांडू नका. २०२४ च्या पडझडीत हुजूर पक्षाने नव्याने जिंकलेली एकमेव जागा लेस्टर ईस्ट, जिथे गुजराती मतदार मोठ्या संख्येने आहेत. पण तिथे मजूर पक्षाचे दोन माजी खासदार, एक अपक्ष म्हणून आणि एक छोट्या स्थानिक पक्षातर्फे, उभे होते आणि मतं फाटली. लंडनच्या हॅरो ईस्टमध्ये अर्ध्याहून अधिक मतं घेऊन हुजूर पक्षाचे बॉब ब्लॅकमन टिकले, आणि ते तिथल्या हिंदू संस्थांत वर्षानुवर्षं वावरणारे आहेत. आपल्याकडे ‘इन्फोसिसचा जावई’ हे कौतुक होतं. ब्रिटनमध्ये तीच श्रीमंती त्यांच्या विरोधात गेली.

मी नोकरीसाठी पुण्याहून ब्रिटनला आलोय. माझा या सगळ्याशी संबंध काय?

तुम्हाला मत आहे. भारत राष्ट्रकुलात असल्यामुळे वैध परवान्यावर ब्रिटनमध्ये राहणारा १८ वर्षांवरचा भारतीय नागरिक संसदेच्या निवडणुकीत मतदान करू शकतो. ब्रिटिश नागरिकत्व लागत नाही, पण मतदार यादीत नाव घालावं लागतं. छायाचित्राची ओळख दाखवणं २०२४ च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून सक्तीचं झालं आहे आणि भारतीय पासपोर्ट चालतो.

गंमत गोव्याच्या लोकांची आहे. स्विंडनमध्ये गोंयकारांची मोठी वस्ती आहे, त्यांतले अनेक पोर्तुगीज पासपोर्टवर आलेले. भारतीय पासपोर्ट ठेवलेल्या शेजाऱ्याला पंतप्रधान ठरवण्याच्या निवडणुकीत मत आहे, पोर्तुगीज पासपोर्टवाल्याला नाही, कारण युरोपीय नागरिकांना तो हक्क नाही. अपवाद आयर्लंड, माल्टा आणि सायप्रसचा.

हरलेल्या नेत्याचं पुढे काय होतं?

बहुधा चोवीस तासांत राजीनामा. ८ मे २०१५ च्या एका सकाळी मिलिबँड, क्लेग आणि फराज या तिघांनी तासाभराच्या अंतराने पद सोडलं. फराज यांचा राजीनामा त्यांच्या तेव्हाच्या यूकिप पक्षाने तीन दिवसांत परत केला. कॉर्बिन २०१७ मध्ये हरूनही जिंकल्यासारखे राहिले, कारण सगळ्यांच्या अपेक्षेपेक्षा कमी हरले होते.